जादू असताना कुलूप कशाला?

प्रश्न दोन भागांत आहे. अद्भुत जगात मंत्राने भिंत विरघळते, माणूस दिसेनासा होतो, तरी तिथल्या चोरीच्या गोष्टी, ज्यांना हल्ली सगळे हाइस्ट म्हणतात, लोक एवढ्या आवडीने का वाचतात? आणि तशी गोष्ट स्वतः लिहायला घेतली की निम्म्यावर तिच्यातली हवा का जाते?

दोन्हींचं उत्तर एकाच ठिकाणी सापडतं. चोरीची गोष्ट अद्भुताकडे हिशेब मागते. युद्धाच्या प्रसंगात जादू ऐनवेळी वाढवता येते. नायक चिडला, त्याला आईची आठवण आली, बळ दुप्पट झालं, वाचक चालवून घेतो. कुलपापुढे चिडून काही होत नाही. ते कशाने उघडतं आणि कशाने उघडत नाही हे आधी ठरलेलं असावं लागतं, वाचकाला सांगितलेलं असावं लागतं, आणि एवढं सांगूनही शेवटी त्याला चकवावं लागतं. पत्ते उघडे ठेवून जिंकायचा हा डाव आहे. तो रंगतो तेही त्यामुळे आणि फसतो तेही त्यामुळेच.

आणखी एक कारण आहे, त्याकडे नवे लेखक फारसं लक्ष देत नाहीत. पाहुणा राजवाड्यात जातो तेव्हा खांबांवरचं कोरीवकाम बघतो. चोर मोरी कुठे निघते ते बघतो. पहारा कितव्या प्रहरी बदलतो, दिव्यात तेल कोण घालतं, मुदपाकखान्याचं मागचं दार रात्री कोण लावतं, कुत्री कुणाच्या हातचं खातात. चार पानं वर्णन करून जे जग उभं राहत नाही ते चोराच्या अर्ध्या पानाच्या टेहळणीत उभं राहतं, कारण तिथला प्रत्येक तपशील पुढे उपयोगी पडणार असतो आणि वाचकाला ते ठाऊक असतं. तो वाचत नाही, तोही पाळतच ठेवत असतो.

या प्रकाराचा सगळ्यात घट्ट बांधलेला नमुना आपल्या घरातच आहे: महाभारताच्या आदिपर्वातलं गरुडाचं अमृतहरण. लहानपणी ती देवाची गोष्ट म्हणून ऐकलेली असते. एकदा चोरीचा डाव म्हणून वाचून बघा.

कद्रू आणि विनता या दोघींनी उच्चैःश्रवा घोड्याच्या शेपटीच्या रंगावर पैज लावली. कद्रूने आपल्या सर्पपुत्रांना शेपटीच्या केसांत लपायला लावून ती काळी दाखवली. विनता हरली, दासी झाली. तिच्या मुलाने, गरुडाने, सुटकेची किंमत विचारली तेव्हा सर्प म्हणाले, अमृत आणून दे. म्हणजे चोरीचं कारण लोभाचं नाही, आणि ज्यांच्यासाठी चोरी करायची ते लबाडीने जिंकलेले. वाचक चोराच्या बाजूला जाऊन बसतो तो इथेच. पहिल्या प्रकरणात हे झालं नाही तर पुढे कितीही भारी तिजोरी उभी करा, ती फक्त एक तिजोरी राहते.

मग येतो बंदोबस्त. बृहस्पतीने इंद्राला आधीच सावध केलेलं आहे, तेव्हा पहारा जागा आहे. बाहेर शस्त्रं घेतलेल्या देवांची फळी. तिच्या आत आगीचा कोट. आगीच्या आत धारदार पात्यांचं, अखंड फिरणारं लोखंडी चक्र. चक्राखाली दोन नाग, त्यांच्या पापण्या लवत नाहीत, आणि त्यांची नजर पडेल तो भस्म होतो. गरुड देवांना पंखांनी उडवलेल्या धुळीत आंधळं करून पिटाळतो, 90 गुणिले 90 म्हणजे 8,100 मुखं करून नद्यांचं पाणी आगीवर ओततो, अंग आखडून चक्राच्या आऱ्यांमधून आत शिरतो, आणि नागांच्या डोळ्यांत धूळ फेकतो.

यातलं आगीचं उत्तर मला कच्चं वाटतं. मोठ्या आगीला मोठं पाणी, यात डोकं लागत नाही. चक्र मात्र पहिल्या दर्जाचं आहे, कारण आतापर्यंत ज्याचं सगळं अवाढव्य असण्यावर चाललं त्याला इथे लहान व्हावं लागतं. नागांचा अडसर त्याहून सरस. डोळा मिटत नाही म्हणून त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही, आणि मिटत नाही म्हणूनच धूळ अडवायला पापणीही नाही. जी ताकद तीच खोट. कुलूप सुचलं की त्याला पहिला प्रश्न हाच विचारायचा: तुझं बळ कुठून येतं, आणि त्याच बळामुळे तुला काय करता येत नाही?

आता कागद घ्या आणि प्रत्येक कुलपासाठी तीन वाक्यं लिहा. ते कशाला अडवतं. ते कशावरून ओळखतं. आणि ओळखण्यात ते कुठे चुकतं. तिसरं वाक्य लिहिता आलं नाही तर ते कुलूप नाही, भिंत आहे, आणि भिंतीला उत्तर एकच, आणखी मोठा मंत्र. गोष्टीतली हवा जाते ती बहुतेक वेळा इथून.

एक उदाहरण पूर्ण करून बघू. समजा, खजिन्याच्या दाराशी एक दिवा आहे आणि त्याच्यासमोर कुणी खोटं बोललं की तो विझतो. दिवा विझला की घंटा वाजते आणि दार दगड होतं. आत जाणाऱ्या प्रत्येकाला विचारलं जातं, 'कशासाठी आलास?' हे झालं पहिलं वाक्य. दुसरं लिहिताना सुस्पष्ट व्हावं लागतं: दिवा जगातलं खरंखोटं ओळखतो, की बोलणाऱ्याच्या मनातलं? जगातलं ओळखत असेल तर तो सर्वज्ञ झाला आणि त्याला विचारून सगळे खटलेच निकालात काढता येतील; तुमचं राज्य तुमच्या हातातून गेलं. तेव्हा दिवा फक्त मन ओळखतो असं धरू. तिसरं वाक्य मग आपोआप येतं: जो मनापासून चुकीचं मानतो त्याच्यासमोर दिवा जळत राहतो.

आता डाव दिसतो. टोळीतल्या एकाला खोटी माहिती द्यायची, ती त्याला पटवायची आणि त्यालाच दिव्यासमोर उभं करायचं. 'राणीसाहेबांनी मोजदादीसाठी पाठवलंय' हे तो छातीठोकपणे सांगणार, कारण त्याच्या हातातला हुकूम खरा आहे असं त्याला वाटतं. आणि गोष्ट त्याच पोराच्या नजरेतून सांगायची. वाचकाला त्याच्याइतकंच माहीत, म्हणून वाचकही फसतो, पण लेखकाने एकही खोटं वाक्य लिहिलेलं नाही. शिवाय चोरी पार पडल्यावर एक जखम उरते. ज्यांना तो आपली माणसं समजत होता त्यांनी त्याला चावीसारखं वापरलं. पुढचं प्रकरण त्या जखमेवर चालतं.

हे न्याय्य व्हायचं असेल तर तिसरं वाक्य आधी कुठेतरी दाखवावं लागेल, आणि दाखवताना ते नियमासारखं वाटता कामा नये. उदाहरणार्थ, पंधराव्या पानावर एक म्हातारा व्यापारी दिव्यासमोर सांगतो, माझ्या पोत्यांत उत्तम केशर आहे. दिवा शांत जळतो. पोतं फोडल्यावर निघतो करडईचा रंगवलेला फुलोरा, आणि व्यापारी डोक्याला हात लावून खाली बसतो. वाचकाला त्याची दया येते आणि तो पुढे जातो. पुरावा मात्र त्याच्या खिशात पडलेला असतो. भावनेच्या आड लपवलेला नियम सगळ्यात चांगला लपतो. विनोदाच्या आडही लपतो, पण विनोद वाचकाच्या लक्षात राहतो, तेव्हा जपून.

ब्रँडन सँडरसन या फँटसीलेखकाने जादूबद्दल एक नियम मांडला आहे, त्याचा मथितार्थ असा: वाचकाला जादू जितकी कळलेली असेल तितक्याच प्रमाणात तिने अडचण सोडवावी. चोरीच्या गोष्टीत याला एक पुरवणी जोडावी असं मला वाटतं. जादूने चोराची एक अडचण सोडवावी आणि ताण दुसऱ्या, साध्या अडचणीवर ठेवावा.

हे किती जुन्या लेखकाला कळलं होतं ते पाहायचं तर शूद्रकाच्या 'मृच्छकटिक' या संस्कृत नाटकाचा तिसरा अंक काढा. शर्विलक नावाचा ब्राह्मण चारुदत्ताचं घर फोडतो. त्याच्याजवळ जादू आहे: योगरोचना नावाचा लेप. तो अंगाला लावला की पहारेकऱ्यांना माणूस दिसत नाही आणि शस्त्राचा घाव दुखत नाही. म्हणजे पहारेकरी आणि तलवार हे दोन्ही धोके एका फटक्यात संपले. दुबळा लेखक इथेच अडकला असता. शूद्रक मात्र सगळा प्रसंग विटा, दोरी, बिजागरी आणि दिवा यांवर नेतो, कारण तिथे लेपाचा काही उपयोग नाही.

शर्विलक भिंत बघतो आणि शास्त्र आठवतो. भाजलेल्या विटा असतील तर उपसून काढायच्या, कच्च्या असतील तर कापायच्या, मातीची भिंत पाण्याने भिजवायची, लाकडाची चिरायची. भगदाडाचे आकार सात: उमललेलं कमळ, सूर्य, चंद्रकोर, विहीर, रुंद आकार, स्वस्तिक, पूर्णकुंभ. इथे भाजलेली वीट आहे, तेव्हा पूर्णकुंभ शोभून दिसेल. मग लक्षात येतं, मापाची दोरी घरीच राहिली. क्षणभर अडतो आणि गळ्यातलं जानवं काढतो. भिंत मोजायला जानवं, दागिन्याचा फासा सोडवायला जानवं, कडी सरकवायला जानवं, साप चावला तर आवळपट्टीला जानवं, असं म्हणत तो काम सुरू करतो, आणि विटा काढताना खरोखरच साप बोटाला डसतो. जानवं बांधावं लागतं. मग आधी माणसाचं बुजगावणं भगदाडातून पुढे सारून बघतो. जुनं दार करकरतं म्हणून पाणी शोधून शिंपडतो, आणि ते पाणी जमिनीवर टपटपेल याचीही त्याला धास्ती. झोपलेले खरंच झोपलेत की सोंग घेतायत हे श्वासावरून ताडतो. दिवा विझवायला किडा सोडतो.

एवढ्या तयारीनंतर दागिने हाती कसे लागतात? चारुदत्ताचा मित्र मैत्रेय झोपेत बरळतो आणि चारुदत्तालाच देतोय असं समजून गाठोडं स्वतःच चोराच्या हातात ठेवतो. कौशल्याने चोर आत पोचला, पण माल त्याला माणसाच्या भाबडेपणाने दिला. कौशल्य आणि योगायोग यांचं हे प्रमाण लिहिणाऱ्याने पाठ करून ठेवावं. योगायोगाने चोर आत गेला असता तर वाचक चिडला असता. आत गेल्यावर योगायोगाने त्याचं काम सोपं झालं, आणि त्यामुळे त्याला लाज वाटली, तर वाचक हळहळतो. पुढची गुंतागुंतही पाहण्यासारखी आहे. ते दागिने चारुदत्ताचे नाहीतच, वसंतसेना या गणिकेने त्याच्याकडे ठेव म्हणून ठेवलेले आहेत. आणि शर्विलकाला ते हवेत मदनिकेला दास्यातून सोडवायला, जी वसंतसेनेचीच दासी. चोरलेला माल घेऊन तो मूळ मालकिणीच्याच दारात जाऊन उभा राहतो.

आता बेताबद्दल. जो बेत वाचकाला सविस्तर सांगितला तो फसला पाहिजे, आणि जो फत्ते होणार तो सांगता कामा नये. हे लेखक मंडळी एकमेकांना सांगतात, पण त्यामागचं कारण क्वचित सांगतात. सांगितलेला बेत तसाच पार पडला तर तीच गोष्ट वाचकाने दोनदा वाचली. म्हणून सांगितलेला बेत हे खरं तर अपेक्षेचं माप असतं. कुठे, किती आणि केव्हा बिघडलं हे कळायला वाचकाच्या हातात मूळ आराखडा असावा लागतो. सहा हजार शब्दांच्या कथेत साधारण दीड हजार शब्द टेहळणी आणि जुळवाजुळवीला, पाचशे बेत सांगायला, अडीच हजार प्रत्यक्ष चोरीला, आणि उरलेले निसटणं आणि परिणाम यांना द्यावेत. बरेच जण जुळवाजुळवीतच तीन हजार खर्च करतात आणि पळून जायला दोन परिच्छेद उरतात.

लपवलेला बेत लपवताना सगळ्यात मोठी चोरी लेखकाच्या हातून होते: गोष्ट म्होरक्याच्या मनातून सांगायची आणि त्याच्या मनातला मुख्य विचार मात्र गाळायचा. 'त्याने सगळ्यांना आपला बेत सांगितला' असं लिहून पुढच्या प्रकरणावर उडी मारली तर एकदा खपतं. पण म्होरका पकडला गेला, घाबरला, देवाचा धावा केला, आणि मग कळलं की पकडलं जाणं हाच बेत होता, तर त्या भीतीचं काय? ती भीती खोटी होती आणि ती आपल्याला खरी म्हणून विकली. अशा वेळी नजर बदला. ज्याला बेताचा एकच तुकडा माहीत आहे त्याच्या खांद्यावरून बघा, किंवा म्होरक्याला बाहेरून दाखवा, त्याचे हात आणि त्याचं बोलणं, मन नाही.

यावर एक वेगळाच उपाय खेळांच्या दुनियेत सापडला आहे. जॉन हार्परचा 'ब्लेड्स इन द डार्क' हा 2017 चा भूमिकाखेळ, म्हणजे टेबलाभोवती बसून एकेक पात्र होऊन खेळायचा खेळ, चोरांच्या टोळीवर आहे. त्यात बेत आखत बसायचं नाही, थेट चोरीच्या प्रसंगात उतरायचं. अडचण आली की खेळाडू म्हणू शकतो, हे मी आधीच ओळखून तजवीज केली होती, आणि तो मागचा प्रसंग खेळून दाखवतो. पण फुकट नाही. साधी तजवीज असेल तर शून्य, अवघड असेल तर 1, फारच खटपटीची असेल तर 2 किंवा अधिक, असे ताणाचे गुण सोसावे लागतात, आणि ताणाची मर्यादा संपली की पात्र गळतं. सामानही तसंच. हलकं 3, मध्यम 5 किंवा जड 6 एवढंच ओझं आधी ठरवायचं. पिशवीत नेमकं काय होतं ते वापरायच्या क्षणी सांगायचं. लिहिताना ही अट डोक्यात ठेवावी. मागे जाऊन उघड केलेल्या प्रत्येक तजविजीची कुणीतरी काहीतरी किंमत मोजलेली दिसली पाहिजे: उसने पैसे, तुटलेली मैत्री, न झोपलेली रात्र. किंमत दिसली की वाचक तजवीज मान्य करतो.

टोळीवर फार लिहीत नाही, कारण त्यावर सगळेच लिहितात. कथेत तीन माणसं, कादंबरीत पाच, फार तर सहा. प्रत्येकाची कला वेगळी असतेच, पण त्यापेक्षा प्रत्येकाला या चोरीतून काय वेगळं हवंय ते ठरवा. एकाला पैसे हवेत, एकीला तिजोरीतली एकच चिठ्ठी हवी, एकाला मालकाची मान खाली गेलेली बघायची आहे. जादूगार एकच ठेवा आणि त्याला आत नेऊ नका, किंवा न्यायचाच तर दाराशीच त्याची जादू खर्ची पडू द्या. दोन जादूगार आत गेले की उरलेले चौघे हमाल होतात.

जादूच्या किमतीत एक सूक्ष्म चूक वारंवार होते. 'जादू केल्यावर तो खूप थकला' ही किंमत नाही, कारण दोन पानांनी तो ताजातवाना होतो. किंमत चोरीच्याच चलनात हवी. आवाज, वेळ, उजेड, वास, पाऊलखुणा. अदृश्य होणारा माणूस थंडीने काकडतो आणि दात वाजतात. भिंतीतून आरपार जाणाऱ्याला अंगावरचे कपडे आणि हातातला माल पलीकडे नेता येत नाही. अशी किंमत पुढचा अडथळा स्वतःच तयार करते, तुम्हाला वेगळा शोधावा लागत नाही.

शेवटचं, निसटणं. परत गरुडाकडे येऊ, कारण तिथेच ती कथा इतरांच्या पुढे जाते. अमृत हाती आलं तरी तो पीत नाही. हा निर्लोभीपणा पाहून विष्णू त्याला अमृताशिवायच अमरत्व देतो. इंद्र वज्र मारतो, गरुड वज्राचा मान म्हणून एक पीस गाळतो. मग दोघांचा समझोता होतो: मी अमृत सर्पांपुढे ठेवीन, तू तिथून उचल. सर्पांना शब्द दिला होता अमृत आणून देण्याचा, त्यांना पाजण्याचा नाही. तो कलश दर्भावर ठेवतो, आई मोकळी झाली असं त्यांच्याकडून वदवून घेतो आणि म्हणतो, स्नान करून शुद्ध होऊन प्या. सर्प आंघोळीला जातात, इंद्र कलश घेऊन जातो. खरा डाव स्वर्गात नव्हताच. चक्र, आग, नाग हे सगळं ज्यांनी काम सांगितलं त्यांच्यावरच उलटवायच्या डावाचं सामान होतं, आणि त्याची तरतूद कराराच्या शब्दांत पहिल्यापासून होती.

आणि चोरीचा माग उरतो. परतलेले सर्प कलश ठेवला होता तो दर्भ चाटतात, पात्याच्या धारेने त्यांच्या जिभा चिरतात, दुभंगतात. तुमच्या गोष्टीतही चोरी झाल्यावर जगात एखादी गोष्ट आधीसारखी उरू नये: न विझणारा दिवा, दगड झालेलं दार, किंवा आयुष्यात पुन्हा कुणाच्या शब्दावर छातीठोकपणे बोलू न शकणारा तो पोरगा. कच्चा खर्डा झाला की तो भाग आधी वाचा. तिथे फक्त वाटणी आणि मेजवानी असेल तर परत कुलपाच्या तिसऱ्या वाक्याकडे जा, बहुधा ते अजून नीट लिहिलेलं नसतं.